थेंबभर पुरावा आणि खेळाडूंचे न्यायालय

सर्दीने नाक चोंदले की आपण काय करतो? डॉक्टरांकडे जातो, ते गोळी देतात, दोन दिवसांत नाक मोकळे होते आणि आपण ती गोळी विसरूनही जातो. पण अशाच एका गोळीपायी एका मुलीला ऑलिंपिकचे सुवर्णपदक परत करावे लागले, असे सांगितले तर तुम्हाला खरे वाटेल का?

इ. स. २००० मध्ये सिडनी येथे ऑलिंपिक सामने भरले होते. रुमानियाची आंद्रेआ रदुकान ही जिम्नॅस्टिक्समधील सर्वांगीण स्पर्धेत पहिली आली. तिला सतरा वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते आणि तिचे वजन होते अवघे ३७ किलो. सर्दी झाली म्हणून संघाच्या डॉक्टरांनी तिला एक गोळी दिली होती. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन नावाचे द्रव्य होते. ते नाकाच्या आतील सुजलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून नाक मोकळे होते. पण ते थोडेफार उत्तेजकही असते, आणि त्या वेळी ते बंदी घातलेल्या द्रव्यांच्या यादीत होते. तपासणीत तिच्या मूत्रात हे द्रव्य सापडले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिचे पदक काढून घेतले. तिने दाद मागितली. २८ सप्टेंबर २००० रोजी, म्हणजे सामने अजून चालू असतानाच, निकाल लागला. अपील फेटाळले गेले.

निकाल देणाऱ्यांनी तिला लबाड म्हटले नाही, हे लक्षात घ्या. तिचा फसवण्याचा हेतू नव्हता हे सर्वांनाच मान्य होते. तिची इतर दोन पदके तिच्याकडेच राहिली आणि शिक्षा झाली ती डॉक्टरांना. तरीही हे सुवर्णपदक गेले ते गेलेच. पुढे २००४ साली स्यूडोएफेड्रिन यादीतून वगळले गेले आणि २०१० साली पुन्हा यादीत आले. पण आता मूत्राच्या एका मिलिलिटरमध्ये १५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आढळले तरच तो दोष धरतात.

हा न्याय झाला की अन्याय? आणि असा निवाडा करणारे हे न्यायालय कोणते? तेथे विज्ञानाची साक्ष कशी घेतात? या लेखात आपण हेच पाहणार आहोत.

एक नमुना, दोन बाटल्या

प्रथम पुरावा कसा गोळा होतो ते पाहू. खेळाडूला तपासणीसाठी बोलावले की त्याच्याकडून निदान ९० मिलिलिटर मूत्र घेतात. ते देताना त्याच लिंगाचा एक अधिकारी समोर उभा असतो. संकोच वाटण्यासारखीच गोष्ट आहे, पण नमुन्याची अदलाबदल होऊ नये म्हणून ती आवश्यक ठरते. मग खेळाडू स्वतःच्या हाताने ते मूत्र दोन बाटल्यांत ओततो. एक 'अ' बाटली, दुसरी 'ब' बाटली. दोन्ही बाटल्या अशा झाकणांनी बंद होतात की एकदा बसवलेले झाकण मोडल्याशिवाय निघत नाही. बाटलीवर नाव नसते, फक्त क्रमांक असतो. नमुना कोणाचा, हे प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाला ठाऊक नसते.

प्रयोगशाळेत 'अ' बाटली उघडतात. नमुन्यातील द्रव्ये आधी एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून पाठवून एकमेकांपासून वेगळी करतात. मग वस्तुमान वर्णपटमापक नावाच्या यंत्रात प्रत्येक द्रव्याच्या रेणूचे तुकडे करून त्या तुकड्यांची वजने पाहतात. जसे बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखतात, तसे या तुकड्यांवरून द्रव्य ओळखता येते. बंदी असलेले द्रव्य सापडले की खेळाडूला कळवतात. त्याला 'ब' बाटली उघडून घेण्याचा हक्क असतो, आणि ती उघडताना तो स्वतः किंवा त्याचा प्रतिनिधी तेथे हजर राहू शकतो. दोन्ही बाटल्यांतून तेच उत्तर आले, तर द्रव्य शरीरात होते हे सिद्ध झाले असे मानतात.

आता खरा प्रश्न सुरू होतो. द्रव्य शरीरात होते हे खरे, पण ते गेले कसे?

दोष कोणाचा?

उत्तेजकविरोधी नियमांचा पाया असा आहे: आपल्या शरीरात काय जाते याला खेळाडू स्वतः जबाबदार आहे. द्रव्य सापडले की नियमभंग झाला. हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. 'मला माहीत नव्हते', 'डॉक्टरांनी दिले', 'प्रशिक्षकांनी सांगितले' अशा कारणांनी नियमभंग पुसला जात नाही.

हा नियम कठोर वाटतो, नाही का? पण त्याच्या मागचे कारण पाहा. समजा, हेतू सिद्ध केल्याशिवाय दोष धरायचा नाही असे ठरवले. मग पकडलेला प्रत्येक जण 'मला माहीत नव्हते' एवढेच म्हणेल, आणि त्याच्या मनात काय होते हे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. शिवाय ज्याने प्रामाणिकपणे सराव करून दुसरा क्रमांक मिळवला, त्याच्यावर अन्याय होईल. शर्यत धावताना एकाच्या रक्तात उत्तेजक होते आणि दुसऱ्याच्या नव्हते, ही विषमता हेतू चांगला असल्याने नाहीशी होत नाही.

तरीही अजाण चूक आणि जाणूनबुजून केलेली लबाडी यांना एकच शिक्षा देणे योग्य नव्हे. म्हणून नियमांत एक दार ठेवले आहे. द्रव्य शरीरात कसे आले हे खेळाडूने दाखवून दिले आणि आपला दोष थोडा होता हे पटवले, तर बंदीचा काळ कमी होतो. काही द्रव्यांच्या बाबतीत, जाणूनबुजून सेवन केल्यास ही बंदी चार वर्षांची असते. चार वर्षे म्हणजे एका ऑलिंपिकपासून दुसऱ्या ऑलिंपिकपर्यंतचा काळ. ज्याची खेळण्याची उमेदच दहाबारा वर्षांची, त्याला हा काळ केवढा मोठा वाटत असेल!

लोझानचे लवाद न्यायालय

या भांडणांचा निवाडा करण्यासाठी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी १९८४ साली क्रीडा लवाद न्यायालय सुरू झाले. लवाद म्हणजे काय, हे खेड्यातील वाचकांना सांगायला नको. बांधावरून दोघांचे भांडण झाले की दोघांनाही मान्य असलेल्या तिसऱ्या शहाण्या माणसाकडे जायचे आणि तो सांगेल ते ऐकायचे, ही आपल्याकडची जुनीच पद्धत आहे. येथेही तसेच. एक लवाद खेळाडू निवडतो, एक लवाद समोरचा पक्ष निवडतो, आणि तिसरा अध्यक्ष असतो. निकाल हाती आल्यापासून साधारणपणे २१ दिवसांच्या आत अपील करावे लागते. खालच्या समितीने काय म्हटले याला बांधून न राहता लवाद मंडळ सगळा पुरावा नव्याने तपासू शकते.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून या न्यायालयाची एक तात्पुरती शाखा सामन्यांच्या गावीच बसते. उद्या अंतिम फेरी असेल तर सहा महिन्यांनी मिळालेल्या न्यायाचा काय उपयोग? म्हणून ही शाखा शक्यतो चोवीस तासांत निकाल देते. रदुकानचा निकाल याच शाखेने दिला.

पण लवाद तटस्थ हवा. सुरुवातीला या न्यायालयाचा खर्च आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच करीत असे. १९९२ साली एल्मार गुंडेल या जर्मन घोडेस्वाराचे प्रकरण आले. त्याच्या घोड्याच्या तपासणीत बंदी असलेले द्रव्य सापडले होते. लवादांनी त्याची बंदी तीन महिन्यांवरून एक महिन्यावर आणली; पण त्याचे समाधान झाले नाही. तो स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि म्हणाला, 'हे लवाद खरोखर स्वतंत्र आहेत काय?' १९९३ साली त्या न्यायालयाने गुंडेलचे अपील फेटाळले, पण समिती आणि लवाद न्यायालय यांचे संबंध फार जवळचे आहेत याकडे बोट दाखवले. १९९४ साली लवाद न्यायालयाचा कारभार एका वेगळ्या मंडळाकडे सोपवण्यात आला. कशी गंमत आहे पाहा! प्रकरण एका घोड्याचे, हरला तो घोडेस्वार, पण त्याच्या प्रश्नामुळे पुढच्या सर्व खेळाडूंचे न्यायालय सुधारले.

नियम लिहिलेला हवा

सगळेच खेळाडू हरतात असे मात्र समजू नका. १९९८ साली जपानमधील नागानो येथे हिवाळी ऑलिंपिक झाले. कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाती याने बर्फावरून फळीवर उभे राहून घसरत जाण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. त्याच्या मूत्रात गांजाचा अंश सापडला आणि पदक काढून घेतले गेले. लवादांनी नियमांची पुस्तके उघडली. गांजावर बंदी घालायची तर ऑलिंपिक समिती आणि त्या खेळाची संघटना यांच्यात तसा करार हवा होता, आणि असा करार झालेलाच नव्हता! पदक परत मिळाले. गांजा ओढणे चांगले की वाईट, हा प्रश्न लवादांपुढे नव्हता. जो नियम केलेलाच नाही तो मोडल्याची शिक्षा देता येत नाही, एवढेच त्यांनी सांगितले.

२०१३ सालचे टेनिसपटू मारिन चिलिचचे उदाहरण याहून वेगळे आहे. त्याच्यासाठी औषधाच्या दुकानातून ग्लुकोजच्या गोळ्या आणल्या होत्या. वेष्टनावर फ्रेंच भाषेत 'निसेथामिड' असे लिहिलेले होते. त्याला वाटले, हे निकोटिनामाइड असावे. निकोटिनामाइड हे निरुपद्रवी 'ब' गटातील जीवनसत्त्व आहे. पण निसेथामिड म्हणजे निकेथामाइड हे उत्तेजक! दोन नावांतील चारदोन अक्षरांच्या फरकाने नऊ महिन्यांची बंदी आली. लवाद न्यायालयाने त्याची चूक मान्य केली, पण ती फार मोठी नव्हती असे ठरवून बंदी चार महिन्यांवर आणली.

तलावातील चिमूट

आता प्रमाणाचा प्रश्न घेऊ. स्पेनचा सायकलपटू आल्बेर्तो काँतादोर याने २०१० साली फ्रान्सची प्रसिद्ध सायकल शर्यत जिंकली. शर्यतीतील विश्रांतीच्या दिवशी, २१ जुलैला, घेतलेल्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल सापडले. हे औषध दम्यावर दिले जाते. पण त्याने चरबी घटते आणि स्नायू वाढतात, म्हणून काही लोक ते जनावरांना चोरून खाऊ घालतात.

किती सापडले? एका मिलिलिटरमध्ये ५० पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे वीस अब्ज समान भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे ५० पिकोग्रॅम! कल्पना करायची तर पोहण्याच्या शर्यतींचा मोठा तलाव डोळ्यांपुढे आणा: लांबी ५० मीटर, रुंदी २५ मीटर, खोली २ मीटर. त्यात २५ लाख लिटर पाणी मावते. त्या सगळ्या पाण्यात एक अष्टमांश ग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही कमी द्रव्य विरघळवले, तर एवढा सौम्य द्राव मिळेल. (गणित स्वतः करून पाहा.) त्या वेळी प्रयोगशाळांनी निदान २ नॅनोग्रॅमपर्यंतचे प्रमाण ओळखावे अशी अपेक्षा होती. हे प्रमाण त्याच्याही चाळीसपट कमी होते.

एवढ्याशा अंशाने शर्यत जिंकता येत नाही, हे उघड आहे. पण हा अंश म्हणजे मोठ्या मात्रेची शेवटची शेपटी असू शकते. म्हणून प्रश्न उरला: हे आले कोठून? काँतादोर म्हणाला, 'मी खाल्लेल्या गोमांसातून.' जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 'वाडा' हिच्या वतीने सांगण्यात आले की, आधी काढून ठेवलेले स्वतःचे रक्त पुन्हा शरीरात भरताना ते आले असावे. तिसरी शक्यता होती दूषित पूरक आहाराची. लवादांनी तिन्ही शक्यता तोलल्या. युरोपात जनावरांना हे द्रव्य देण्यास बंदी होती आणि तेथील मांस-तपासणीत ते जवळजवळ आढळतच नव्हते, म्हणून मांसाची शक्यता कमी. रक्ताची गोष्ट शक्य, पण पुरावा अपुरा. त्यातल्या त्यात पूरक आहाराची शक्यता अधिक. पण खेळाडूने तर मांसाचीच बाजू मांडली होती, आणि ती सिद्ध झाली नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली आणि त्या शर्यतीचे विजेतेपद गेले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. लवादांनी 'याने मुद्दाम उत्तेजक घेतले' असे म्हटलेले नाही. द्रव्य कसे आले हे दाखवण्याचे ओझे खेळाडूच्या खांद्यावर होते, आणि त्याला ते पेलता आले नाही.

पण मांसाची गोष्ट सगळीकडेच अशक्य नव्हे. २०११ साली मेक्सिकोमध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत २०८ नमुन्यांपैकी १०९ नमुन्यांत क्लेनब्युटेरॉल आढळले. निरनिराळ्या देशांची इतकी मुले एकाच वेळी लबाडी करतील काय? दोष तेथील मांसाचा होता आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढे २०१९ साली नियमच बदलला. आता ५ नॅनोग्रॅमपर्यंत क्लेनब्युटेरॉल सापडले, तर एकदम दोषी न ठरवता आधी मांसाची चौकशी करता येते. यंत्रे जितकी सूक्ष्म पाहू लागली, तितके नियमही सूक्ष्म करावे लागले.

रेघ कोठे ओढायची?

आतापर्यंतची द्रव्ये बाहेरून येणारी होती. पण जे द्रव्य आपले शरीर स्वतःच तयार करते त्याचे काय? वृद्धी संप्रेरक हे असेच एक द्रव्य. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते तयार करते. तुमची उंची वाढते ती त्याच्याच मदतीने. ते सर्वांच्या रक्तात असते. मग टोचून घेतलेले कसे ओळखायचे?

शास्त्रज्ञांनी एक युक्ती शोधली. ग्रंथीतून येणारे संप्रेरक एकजिनसी नसते. त्यात लहानमोठे रेणू मिसळलेले असतात. कारखान्यात तयार केलेल्या संप्रेरकात मात्र एकाच आकाराचे रेणू असतात. टोचून घेतले की त्या एका आकाराचे प्रमाण वाढते आणि ग्रंथीचे स्वतःचे काम मंदावते, म्हणून इतर आकारांचे प्रमाण घटते. या दोन प्रमाणांचे गुणोत्तर काढले की चोरी पकडता येते. युक्ती नामी आहे. पण गुणोत्तर किती झाले म्हणजे दोषी म्हणायचे? माणसामाणसांत नैसर्गिक फरक असतोच.

एस्टोनियाचा आंद्रुस वेरपालू हा बर्फावरील घसरपट्ट्यांच्या लांब शर्यतीतला खेळाडू. २००२ आणि २००६ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदके मिळवली होती. २०११ साली त्याचे गुणोत्तर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आले. तीन वर्षांची बंदी झाली. अपिलात त्याच्या बाजूने संख्याशास्त्रज्ञ उभे राहिले आणि त्यांनी विचारले, 'ही मर्यादा तुम्ही काढली कशी?'

प्रश्न किती मार्मिक आहे, हे वर्गातल्या उदाहरणाने पाहू. समजा, तुम्हाला अशी उंची शोधायची आहे की, तिच्यापेक्षा उंच विद्यार्थी दहा हजारांत एखादाच असेल. तुमच्या वर्गात मात्र पन्नासच विद्यार्थी आहेत. पन्नास जणांच्या उंचीवरून सरासरी चांगली काढता येईल. पण दहा हजारांतला तो एक तुमच्या वर्गात बसलेलाच नाही! मग तुम्ही काय कराल? पन्नास उंचींचा आलेख काढाल, त्याला जुळेल अशी वक्ररेषा निवडाल आणि ती रेषा पुढे वाढवाल. मध्यभागी कोणतीही वक्ररेषा घ्या, फारसा फरक पडत नाही. टोकाला मात्र एक रेषा लवकर खाली येते, दुसरी लांबवर रेंगाळते. त्यातून वर्गातली दोन फार उंच मुले 'ही मापे विचित्र दिसतात' म्हणून तुम्ही आधीच वगळली असतील, तर उत्तर आणखीच बदलेल.

वेरपालूच्या प्रकरणात आक्षेप होते ते नेमके हेच. मर्यादा ठरवताना घेतलेले नमुने थोडे होते, काही मापे वगळण्याची कारणे पुरेशी स्पष्ट नव्हती, आणि कोणती वक्ररेषा घ्यायची याबद्दल शंका होती. मार्च २०१३ मध्ये लवादांनी निकाल दिला. चाचणीचे तत्त्व बरोबर आहे, असे ते म्हणाले. खेळाडूने संप्रेरक घेतले असावे असे सुचवणाऱ्या गोष्टी आहेत, हेही त्यांनी लिहून ठेवले. पण मर्यादा विश्वसनीय आहे हे सिद्ध करण्याचे ओझे संघटनेवर होते, आणि ते तिला पेलले नाही. बंदी रद्द झाली.

तुम्ही म्हणाल, 'मग हा सुटलाच की!' थोडे थांबा. जगभर दर वर्षी दोन लाखांहून अधिक नमुने तपासले जातात. समजा, एखादी चाचणी शंभर निर्दोष खेळाडूंपैकी एकाला चुकून दोषी ठरवते. अशी चाचणी सर्वांना लावली तर दर वर्षी सुमारे दोन हजार निरपराध अडकतील. दहा हजारांत एक चूक असेल तर वीस. ज्या रेघेच्या अलीकडे प्रतिष्ठा आणि पलीकडे बदनामी आहे, ती रेघ अंदाजाने ओढून कसे चालेल? या निकालानंतर अधिक नमुन्यांचा अभ्यास करून या मर्यादा नव्याने ठरवण्यात आल्या. म्हणजे या खटल्याने विज्ञानालाही धडा दिला.

पाऊलखुणा सांगतात

आता आपल्या मातीतले एक प्रकरण. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले मुंबईचे पैलवान नरसिंग यादव यांची २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी ७४ किलो गटात निवड झाली होती. २५ जून आणि ५ जुलै रोजी घेतलेल्या त्यांच्या नमुन्यांत मेटानडिएनोन हे स्नायू वाढवणारे द्रव्य सापडले. आपल्या पेयात कोणीतरी कपटाने ते मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. भारतातील 'नाडा' या संस्थेच्या समितीने ते मानले आणि १ ऑगस्टला त्यांना निर्दोष ठरवले. पण या निर्णयावर अपील करण्याचा हक्क जसा खेळाडूला असतो, तसा तो 'वाडा'लाही असतो. 'वाडा'ने रिओमधील लवाद शाखेकडे अपील केले.

तेथे विज्ञानाने काय साक्ष दिली? कोणतेही औषध पोटात गेले की यकृत त्याचे रूपांतर करू लागते. मूळ द्रव्य लवकर निघून जाते. त्यापासून झालेली काही द्रव्ये पुष्कळ दिवस मूत्रात उतरत राहतात. ओल्या मातीतल्या पाऊलखुणा पाहून वाटाड्या जसे 'जनावर केव्हा गेले, केवढे होते' हे सांगतो, तसे या द्रव्यांच्या प्रमाणावरून, औषध केव्हा आणि साधारण किती घेतले, हे तज्ज्ञ सांगू शकतो. तज्ज्ञांचे मत पडले की, पहिल्या नमुन्यातील प्रमाण इतके मोठे आहे की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीपेक्षा एकदोन गोळ्या घेतल्याने आले असावे. कपटाचा प्रत्यक्ष पुरावा लवादांपुढे आला नाही. १८ ऑगस्टला चार वर्षांची बंदी झाली. कुस्ती दुसऱ्याच दिवशी होती. आपण निर्दोष आहोत असे यादव सांगत राहिले. २०२० साली बंदी संपल्यावर ते पुन्हा आखाड्यात उतरले.

या प्रकरणातून पुराव्याचे दोन तराजू समजतात. खेळाडूला दोषी ठरवायचे असेल तर संघटनेचा पुरावा भक्कम हवा. लवादांचे पूर्ण समाधान व्हायला हवे. खेळाडूला आपली कथा पटवायची असेल तर 'असे घडले नसण्यापेक्षा असे घडले असण्याची शक्यता जास्त' एवढे दाखवले तरी पुरते. हा दुसरा तराजू हलका आहे खरा. पण नुसती शक्यता सांगून तो झुकत नाही, पुरावा टाकावा लागतो.

न्यायाधीशांवरही नजर

लवादांचा निकाल म्हणजे शेवटचा शब्द काय? बहुतेक वेळा होय. पण लवाद पक्षपाती असेल किंवा सुनावणी नीट झाली नसेल, तर स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात जाता येते. चीनचा जलतरणपटू सुन यांग याला नमुना घेण्याच्या वेळी झालेल्या वादावरून फेब्रुवारी २०२० मध्ये आठ वर्षांची बंदी झाली होती. नंतर उघड झाले की, लवाद मंडळाच्या अध्यक्षांनी पूर्वी चिनी लोकांबद्दल कडवट मजकूर जाहीरपणे लिहिला होता. डिसेंबर २०२० मध्ये स्विस न्यायालयाने तो निकाल रद्द केला. नव्या मंडळापुढे पुन्हा सुनावणी झाली आणि जून २०२१ मध्ये बंदी ठरली चार वर्षे तीन महिन्यांची. खेळाडू पूर्ण सुटला नाही, पण तटस्थ लवाद मिळण्याचा त्याचा हक्क मान्य झाला.

तुम्ही काय कराल?

तुमच्यापैकी कोणी जिल्ह्याच्या, राज्याच्या संघात खेळत असेल. त्याने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. डॉक्टरांना 'मी स्पर्धेत खेळतो' हे आधीच सांगावे. दम्यासारख्या आजारासाठी औषध हवेच असेल, तर उपचारासाठी रीतसर परवानगी मागण्याची सोय आहे, ती वापरावी. आणि ताकद वाढवणारी भुकटी 'सगळेच घेतात' म्हणून घेऊ नये. डब्यावर लिहिलेले तेवढेच डब्यात असते असे नाही.

शिक्षकांसाठीही एक सूचना. वर्गात वेरपालूचा खटला उभा करा. तीन विद्यार्थी लवाद होतील, दोन गट दोन बाजू मांडतील. त्याआधी वर्गातील सर्वांच्या उंचीची मापे घेऊन आलेख काढा. दहा हजारांतल्या एकाची रेघ प्रत्येक गटाने स्वतंत्रपणे ओढावी. सगळ्यांची रेघ एकाच ठिकाणी येते का ते पाहा. येणार नाही! मग सर्वांत डावीकडच्या रेघेने किती निरपराध सापडतील आणि सर्वांत उजवीकडच्या रेघेने किती लबाड निसटतील, यावर चर्चा होऊ द्या. लवादांना निकाल देणे किती अवघड जाते, ते त्या तासात जेवढे कळेल तेवढे कोणत्याही लेखाने कळायचे नाही.